उघड्या रस्त्यावरचा बंद मेणा: एसएसएचच्या बोगद्यातून फायली पाठवताना

एखाद्या जुन्या दिवाळी अंकाची 200 पाने 600 डीपीआयवर रंगीत स्कॅन केली, तर ए4च्या आसपास आकार असलेल्या प्रत्येक पानाची, कोणतेही कॉम्प्रेशन न केलेली टिफ फाइल साधारण 100 एमबीची होते आणि पूर्ण अंक 20 जीबीच्या घरात जातो. स्कॅन करणारी व्यक्ती पुण्यात आपल्या घरी बसली आहे आणि अंक जिथे जतन व्हायचा तो सर्व्हर एका संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये, बाहेरच्या इंटरनेटवरून थेट न दिसणाऱ्या जागी आहे, असे समजू. ई-मेलने हे काम होणार नाही, कारण जीमेलची 25 एमबीची मर्यादा पाव पानातच संपते. पेनड्राइव्ह खिशात घालून रिक्षाने जाणे हा उपाय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, परंतु तो दर आठवड्याला परवडत नाही आणि पेनड्राइव्ह हरवतो. क्लाउडवर ठेवून लिंक पाठवावी, तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला बहुतेक वेळा फाइल उघडता येते. संस्थेच्या संगणक विभागात विचारले, तर उत्तर एका वाक्यात मिळते: ‘एसएसएचचे टनेल टाका आणि त्यातून पाठवा.’ या एका वाक्यात बरेच काही गृहीत धरलेले असते आणि त्यातले नेमके काय आपल्याला सुरक्षित ठेवते व काय ठेवत नाही, हे समजून घेतल्याशिवाय ते वाक्य पाळण्यात फारसा अर्थ नाही.

इंटरनेटवरून जाणारी फाइल एकसंध जात नाही. तिचे दीड हजार बाइटच्या आतले तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा घरातला राउटर, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची यंत्रे, मधल्या कंपन्यांची यंत्रे आणि शेवटी संस्थेचा राउटर असा हातोहात पुढे सरकतो. यांपैकी प्रत्येकाला तो तुकडा पुढे देण्यासाठी हातात घ्यावाच लागतो, आणि तो उघडा असेल तर वाचताही येतो. फायली पाठवण्याची एफटीपी ही पद्धत 1971 साली आखली गेली, तेव्हा याची चिंता कोणाला नव्हती, कारण त्या वेळच्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, मोजकीच यंत्रे होती. तिचा पहिला आराखडा लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर असून तेव्हा एमआयटीत होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. त्या एफटीपीत वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरांत, जसेच्या तसे, तारेवरून जातात.

याची किंमत 1995 साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाने मोजली. तिथल्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड टिपून घेणारा प्रोग्रॅम बसवल्याचे उघडकीस आले आणि त्या विद्यापीठातील संशोधक तातू यलोनेन यांनी या चोरीवर उपाय म्हणून एसएसएच, म्हणजे ‘सिक्युअर शेल’, लिहून जुलै 1995मध्ये सर्वांसाठी मोफत खुले केले. एकाच यंत्रावरच्या वेगवेगळ्या सेवांना ओळखण्यासाठी जे क्रमांक असतात त्यांना पोर्ट म्हणतात. एफटीपीचे पोर्ट 21 आणि टेलनेटचे, म्हणजे दूरच्या यंत्रावर लॉग-इन करण्याच्या जुन्या पद्धतीचे, 23. या दोन्हींची जागा घेऊ पाहणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमसाठी त्यांनी मधले रिकामे 22 मागितले आणि ते त्यांना दुसऱ्याच दिवशी मिळाले. आज एखादा क्रमांक मिळवायला किती कागद लागले असते, याची कल्पना करावी. पुढे 1999मध्ये ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पातील मंडळींनी ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती तयार केली आणि लिनक्स, मॅक तसेच 2018 पासून विंडोज 10 यांच्याबरोबर सहसा हीच आवृत्ती येते. यलोनेन यांच्या मूळ पद्धतीत पुढे त्रुटी आढळल्या, त्यामुळे 2006मध्ये प्रमाणित झालेली दुसरी पद्धतच आता वापरात आहे आणि या लेखात जे सांगितले आहे ते तिच्याविषयीचे आहे.

बोगदा हा शब्द थोडा फसवतो

‘टनेल’चा मराठी बोगदा झाला आणि बोगदा म्हटला की खंडाळ्याच्या घाटात डोंगर फोडून काढलेला वेगळा मार्ग डोळ्यांपुढे येतो. एसएसएच असा कोणताही वेगळा मार्ग काढत नाही. त्याची पाकिटे त्याच तारांतून, त्याच राउटरमधून, शेजाऱ्यांच्या व्हिडिओंच्या आणि व्हॉट्सॲप संदेशांच्या गर्दीतूनच जातात. त्यापेक्षा मला जुन्या काळच्या मेण्याची उपमा अधिक जवळची वाटते. मेणा गावाच्या रहदारीच्या रस्त्यानेच जातो. तो कोणत्या वाड्यातून निघाला, कोणत्या वाड्याकडे चालला आणि भोई किती वाकले आहेत त्यावरून आत वजन किती असावे, हे पारावर बसलेल्या कोणालाही दिसते. आत कोण बसले आहे, एवढेच काय ते दिसत नाही.

ही उपमा ताणून पाहिली, तरी बरीच टिकते. आपले इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला हे कळते की रात्री 10 वाजता आपल्या घरून अमुक संस्थेच्या पोर्ट 22शी जोडणी झाली आणि ती सव्वादोन तास चालली, कारण 20 एमबीपीएसच्या अपलोड वेगाने 20 जीबी जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मेण्यात दिवाळी अंक होता की हिशेबाच्या वह्या होत्या, हे मात्र तिला कळत नाही. शिवाय वाटेत कोणी पडदा किलकिला करून एक बाइट जरी बदलला, तरी दुसऱ्या टोकाला तो बदल लगेच पकडला जातो आणि जोडणी तिथेच तोडली जाते, कारण प्रत्येक पाकिटाबरोबर, फक्त दोन टोकांनाच काढता येईल असा एक पडताळा जोडलेला असतो. लपवणे आणि बदल ओळखणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि एसएसएच ती दोन्ही करते.

पडद्याचे कापड म्हणजे कूटलेखन. त्यासाठी दोन्ही टोकांकडे एकच गुप्त किल्ली हवी. पण ज्या दोन यंत्रांची कधी भेटच झालेली नाही, त्यांनी उघड्या रस्त्यावर, सर्वांच्या देखत गुप्त किल्ली ठरवायची कशी? याचे उत्तर 1976मध्ये डिफी आणि हेलमन यांनी दिले आणि ते लहान आकड्यांत करून पाहण्यासारखे आहे. लॅपटॉप आणि सर्व्हर यांनी सर्वांसमक्ष 11 आणि 2 हे आकडे ठरवले. लॅपटॉपने मनात 3 धरला, 2चा तिसरा घात म्हणजे 8 काढला, त्याला 11ने भागून उरलेली बाकी, म्हणजे 8च, सर्व्हरला उघडपणे कळवली. सर्व्हरने मनात 4 धरला, 2चा चौथा घात 16 काढला आणि 11ने भागून उरलेली बाकी 5 लॅपटॉपला कळवली. आता लॅपटॉप 5चा तिसरा घात 125 काढतो, ज्याची बाकी 4 येते. सर्व्हर 8चा चौथा घात 4096 काढतो, ज्याची बाकीही 4 येते. दोघांकडे 4 हा आकडा आला, पण तो रस्त्यावरून गेलाच नाही. पारावरच्या मंडळींनी 11, 2, 8 आणि 5 एवढेच ऐकले. इतक्या लहान आकड्यांत 4 हुडकून काढणे सोपे आहे, परंतु प्रत्यक्षात शेकडो अंकी संख्या किंवा त्याच जातीचे लंबवर्तुळी वक्रांवरचे गणित वापरले जाते आणि तिथे उलटा प्रवास व्यवहारात शक्य होत नाही. उद्याचे क्वांटम संगणक हे उलटे गणित सोडवतील या भीतीने ओपनएसएसएचने 2022च्या 9.0 आवृत्तीपासून आणखी एक वेगळ्या जातीचे गणित त्याला आपोआप जोडले आहे, कारण आज टिपून ठेवलेला मेणा दहा वर्षांनी उघडला गेला तरी नुकसान व्हायचे ते होतेच.

‘येस’ टाइप करण्याआधी

वरच्या गणितात एक मोठे छिद्र आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट तेच आहे. गणित दोन यंत्रांमध्ये गुप्त किल्ली ठरवते, पण समोरचे यंत्र आपल्याला हवे तेच आहे, याची ग्वाही देत नाही. वाटेत बसलेल्या एखाद्या लबाड यंत्राने आपल्याशी सर्व्हर बनून एक किल्ली ठरवली आणि सर्व्हरशी ‘आपण’ बनून दुसरी ठरवली, तर मेणा अर्ध्या वाटेत त्याच्या वाड्यात उतरतो, उघडला जातो, पुन्हा बंद होऊन पुढे निघतो आणि पडदे दोन्ही प्रवासांत अगदी व्यवस्थित असतात.

हे टाळण्यासाठी प्रत्येक एसएसएच सर्व्हरकडे स्वतःची एक कायमची किल्ल्यांची जोडी असते: एक खासगी, जी तो कोणाला देत नाही, आणि एक सार्वजनिक, जी कोणालाही देता येते. किल्ली ठरवण्याच्या संभाषणावर सर्व्हर आपल्या खासगी किल्लीने सही करतो आणि आपला लॅपटॉप ती सही सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने तपासतो. ही सार्वजनिक किल्ली खरोखर त्याच सर्व्हरची आहे, हे पहिल्या खेपेला लॅपटॉपला कोण सांगणार? कोणीच नाही. म्हणून एसएसएच पहिल्या जोडणीच्या वेळी थांबते, त्या किल्लीचा 43 अक्षरांचा ठसा, ज्याला फिंगरप्रिंट म्हणतात, पडद्यावर दाखवते आणि पुढे जायचे का, असे विचारते. बहुतेक लोक त्या क्षणी ‘येस’ टाइप करतात. तो प्रश्न म्हणजे एक औपचारिकता आहे, अशी आपली सर्वांची समजूत झालेली असते.

प्रत्यक्षात संपूर्ण व्यवहारात माणसाने काही ठरवायचे असते ते याच जागी. योग्य रीत अशी की तो ठसा संस्थेकडून आधीच, दुसऱ्या वाटेने मिळवावा: फोनवर वाचून घ्यावा, संस्थेच्या सुरक्षित संकेतस्थळावर पाहावा किंवा ओळखपत्र घेताना कागदावर छापून मागावा. पहिलीच चार आणि शेवटचीच चार अक्षरे ताडून पाहण्याचा मोह टाळावा, कारण तेवढीच अक्षरे जुळणारी किल्ली तयार करणे पूर्ण ठसा जुळवण्यापेक्षा पुष्कळच सोपे असते. ओपनएसएसएचच्या 8.0 आवृत्तीपासून एक चांगली सोय झाली आहे, ती अशी की ‘येस’ऐवजी मिळवलेला ठसाच तिथे पेस्ट करता येतो आणि तो जुळला तरच जोडणी पुढे जाते. डोळ्यांवर भार टाकण्यापेक्षा ही सोय वापरावी.

एकदा मान्य केलेली किल्ली लॅपटॉपवर ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये नोंदली जाते आणि पुढच्या वेळी ती वेगळी दिसली, तर मोठ्या अक्षरांत इशारा येतो. मी एका ठिकाणी काम करत असताना तिथला सर्व्हर नव्याने उभारला गेला आणि आम्हा सर्वांच्या लॅपटॉपवर हा इशारा एकाच सकाळी झळकला. कोणीतरी सांगितले की नोन होस्ट्समधली ती ओळ पुसा, म्हणजे काम चालू होईल. आम्ही पुसली, काम चालू झाले आणि काहीही वाईट घडले नाही. वाईट न घडण्यातूनच खरे नुकसान झाले, कारण त्यानंतर तो इशारा केव्हाही आला तरी ओळ पुसायची, ही सवय प्रत्येकाला लागली. सर्व्हर बदलणाऱ्यांनी नवा ठसा आदल्या दिवशी कळवला असता किंवा जुन्याच किल्ल्या नव्या यंत्रावर नेल्या असत्या, जे सहज शक्य असते, तर इशाऱ्याची किंमत शाबूत राहिली असती.

आपली ओळख

सर्व्हरची ओळख पटली की आपली पाळी येते. पासवर्ड चालतो, परंतु तो मेण्यातून का होईना, समोरच्या यंत्राच्या हाती जातो; समोरचे यंत्र तोतया असेल, तर पासवर्ड त्याला मिळाला. किल्लीने ओळख पटवताना खासगी किल्ली लॅपटॉप सोडत नाही. तिने केलेली सही फक्त त्या एका जोडणीपुरतीच लागू असते, त्यामुळे तोतयाला ती खऱ्या सर्व्हरपुढे पुन्हा वापरता येत नाही. मात्र एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवावी. तोतया सर्व्हर कोणतीही किल्ली ‘मान्य’ असे म्हणू शकतो आणि आपण आनंदाने 20 जीबी त्याच्याच पदरात टाकून मोकळे होऊ शकतो. आपली किल्ली कितीही भक्कम असली, तरी ती समोरच्याचा ठसा तपासण्याची जागा घेत नाही.

नवी किल्ली ईडी25519 या प्रकाराची करावी आणि तिला पासफ्रेज, म्हणजे किल्ली उघडण्यासाठीचा लांब पासवर्ड, द्यावा, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी किल्ली लगेच चालणार नाही. तयार होणाऱ्या दोन फायलींपैकी जिच्या नावाअखेर ‘पब’ आहे ती सार्वजनिक. ती संस्थेला ई-मेलने पाठवायलाही हरकत नाही. दुसरी कोणालाही, अगदी संगणक विभागालाही, पाठवायची नसते. गडबडीत दोन्ही फायली जोडून पाठवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. खासगी किल्लीची फाइल त्या यंत्रावरच्या इतरांना वाचता येत असेल, तर एसएसएच ती वापरायला चक्क नकार देते. सर्व्हरच्या बाजूलाही असाच कडकपणा असतो: आपल्या होम फोल्डरमध्ये इतरांना लिहिण्याची परवानगी असेल, तर तिथे ठेवलेली सार्वजनिक किल्ली दुर्लक्षिली जाते आणि ‘किल्ली बरोबर आहे तरी पासवर्ड का मागतो’ या कोड्यात माणूस दुपारभर अडकतो.

मेण्यात काय बसवावे

फाइल पाठवण्यासाठी दर वेळी वेगळे टनेल टाकावे लागते, हा एक गैरसमज आहे. एससीपी, एसएफटीपी आणि आरसिंक ही तिन्ही साधने एसएसएचच्या जोडणीतूनच चालतात आणि बहुतेक कामे त्यांतच भागतात. एससीपी ही जुन्या बर्कली युनिक्समधल्या आरसीपीची धाकटी बहीण; वापरायला सोपी, पण तिची मूळ पद्धत भोळी होती. आपण मागितली एक फाइल आणि लबाड सर्व्हरने पाठवली दुसरीच, तरी ती स्वीकारली जाण्याचा दोष 2019मध्ये उघड झाला. एप्रिल 2022मध्ये ओपनएसएसएच 9.0 आली तेव्हापासून एससीपी ही आज्ञा दिली, तरी आतून काम एसएफटीपीच्या पद्धतीने होते. एसएफटीपी या नावावरून ती सुरक्षित केलेली एफटीपी असावी असे वाटते, पण तिचा जुन्या एफटीपीशी नावापलीकडे संबंध नाही. ती एसएसएचसाठी मुळापासून लिहिलेली वेगळी पद्धत आहे. एफटीपीएस ही तर तिसरीच गोष्ट आहे, ती म्हणजे टीएलएसचे, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळे वापरतात त्या कूटलेखनाचे, आवरण चढवलेली जुनी एफटीपी. विनएससीपी किंवा फाइलझिलासारख्या खिडकीच्या प्रोग्रॅममध्ये जोडणीचा प्रकार निवडताना या एका अक्षराकडे लक्ष द्यावे.

आपल्या दिवाळी अंकासाठी मी आरसिंक निवडीन. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996मध्ये ते ऑस्ट्रेलियात लिहिले, तेव्हा इंटरनेटच्या तारा बारीक होत्या आणि एकच ओळ बदललेली मोठी फाइल पुन्हा पूर्ण पाठवणे परवडत नव्हते. आरसिंकमध्ये घेणारे टोक आपल्याकडच्या जुन्या फाइलच्या तुकड्यांचे पडताळे पाठवते, पाठवणारे टोक आपल्या फाइलवरून एकेक बाइट सरकत ते तुकडे कुठे जुळतात ते पाहते आणि न जुळणारा भागच तेवढा रवाना करते. आपल्या कामात याहून मोठा फायदा वेगळाच आहे. 137व्या पानावर वीज गेली, तर तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर आरसिंक आकार आणि बदलाची वेळ पाहून आधीची 136 पाने सोडून देते. यासाठी फायलींची वेळ जपणारा पर्याय, म्हणजे लहान ‘ए’, आज्ञेत असायला हवा, नाहीतर दुसऱ्या टोकाला सर्व पाने ‘आजची’ होतात आणि सगळी पुन्हा तपासली जातात. अर्धवट आलेले पान आरसिंक सहसा टाकून देते. ते राखून ठेवायचे असेल तर कॅपिटल ‘पी’ जोडावा.

कॉम्प्रेशनचा पर्यायही आहे. मूळ टिफसाठी तो थोडाफार उपयोगी पडतो. जेपीजी किंवा झिपसाठी मात्र प्रोसेसर तापवण्यापलीकडे त्याने काही होत नाही.

आतल्या यंत्रापर्यंत

आता मूळ अडचणीकडे येऊ. जतनाचा सर्व्हर बाहेरून दिसत नाही. दिसते ते संस्थेचे एकच प्रवेशयंत्र, ज्याला संगणक विभागात ‘गेटवे’ किंवा ‘जंप होस्ट’ म्हणतात. वाड्याच्या दिंडी दरवाजासारखे ते आहे आणि आत जायचे तर तिथूनच.

सर्वांना सुचणारा मार्ग म्हणजे आधी 20 जीबी प्रवेशयंत्रावर टाकायचे, मग तिथे लॉग-इन करून ते आत ढकलायचे. हा मार्ग वाईट आहे. फायलींची एक प्रत दरवाजावर पडून राहते, तिथली डिस्क भरते आणि तिथून आत जाण्यासाठी आपली खासगी किल्ली तरी दरवाजावर ठेवावी लागते किंवा लॅपटॉपवरचा किल्ल्यांचा एजंट, म्हणजे उघडलेली किल्ली सांभाळून तिने सह्या करून देणारा प्रोग्रॅम, तिथे वापरू द्यावा लागतो. एजंट असा पुढे दिला, की प्रवेशयंत्रावर सर्वाधिकार असलेल्या कोणालाही आपली जोडणी चालू आहे तोवर आपल्या नावाने सह्या करून घेता येतात.

यावरचा उपाय ओपनएसएसएचमध्ये 2016 सालच्या 7.3 आवृत्तीपासून आहे आणि तो कॅपिटल ‘जे’ या पर्यायाने मिळतो. त्यात लॅपटॉप प्रवेशयंत्रापर्यंत एक एसएसएच जोडणी करतो, तिच्यातून प्रवेशयंत्राला आतल्या सर्व्हरपर्यंत फक्त वाट करून द्यायला सांगतो आणि त्या वाटेतून आतल्या सर्व्हरशी दुसरी, स्वतंत्र एसएसएच जोडणी करतो. हा मेण्यात ठेवलेला मेणा झाला. दरवाजावर बाहेरचा पडदा उघडला, तरी आत दुसरा बंद मेणाच दिसतो आणि त्याची किल्ली लॅपटॉप व आतला सर्व्हर यांच्याशिवाय कोणाकडे नसते. साहजिकच आतल्या सर्व्हरचा ठसाही वेगळा तपासावा लागतो. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये आतल्या सर्व्हरला एक टोपणनाव देऊन हा टप्पा एकदा लिहून ठेवला, की एससीपी, एसएफटीपी आणि आरसिंक ही तिन्ही साधने ते टोपणनाव ओळखतात आणि रोजच्या कामात दरवाजाचा विसर पडला तरी चालतो.

मग ज्याला सर्वजण ‘टनेल’ म्हणतात, ते पोर्ट फॉरवर्डिंग कशासाठी? आतल्या यंत्रावर एसएसएचने जायची मुभा नसेल आणि फायली तिथल्या एखाद्या वेब पानावरूनच चढवायच्या असतील, तर त्यासाठी. कॅपिटल ‘एल’ या पर्यायापुढे तीन गोष्टी लिहायच्या असतात: लॅपटॉपवरचे एक पोर्ट, पलीकडच्या यंत्राचे नाव आणि त्या यंत्रावरचे पोर्ट. त्यानंतर ब्राउझरमध्ये लॅपटॉपचाच पत्ता आणि ते पोर्ट दिले, की मागणी मेण्यातून दरवाजापर्यंत जाते आणि तिथून पुढे आतल्या यंत्राकडे. गोंधळ होतो तो मधल्या नावाचा. ते नाव लॅपटॉपच्या नव्हे, तर प्रवेशयंत्राच्या नजरेतून वाचले जाते. तिथे ‘लोकलहोस्ट’ लिहिले, तर त्याचा अर्थ आपला लॅपटॉप असा होत नाही, प्रवेशयंत्र स्वतः असा होतो. लॅपटॉपवरचे पोर्ट मात्र मुळात फक्त लॅपटॉपलाच खुले असते; ते सर्वांसाठी खुले करणारा पर्याय दिला, तर त्याच वाय-फायवर बसलेल्या कोणालाही आपल्या बोगद्यातून संस्थेच्या आत डोकावता येते.

या बोगद्याला सुरक्षित म्हणताना त्याची हद्द सांगितली पाहिजे. लॅपटॉपपासून प्रवेशयंत्रापर्यंतच पडदे असतात. प्रवेशयंत्रापासून आतल्या वेब सर्व्हरपर्यंतचा शेवटचा टप्पा एसएसएच झाकत नाही. ते वेब पान साधे एचटीटीपी असेल, तर संस्थेच्या नेटवर्कवर आपल्या फायली उघड्याच चालत जातात. ‘आतले नेटवर्क आहे, तिथे कोण पाहणार’ असे म्हणणाऱ्यांनी हेलसिंकीतला पासवर्डचोर विद्यापीठाच्या आतल्याच नेटवर्कवर बसला होता, हे आठवावे. म्हणून शक्य असेल तिथे मी ‘एल’पेक्षा ‘जे’च निवडतो.

जुन्या एफटीपीला या बोगद्यात घालायचा प्रयत्न तर सहसा करूच नये. एफटीपी आज्ञांसाठी एक जोडणी वापरते आणि प्रत्यक्ष फाइलसाठी ऐन वेळी वेगळ्या पोर्टवर दुसरी उघडते. आपण पोर्ट 21 बोगद्यात घातले, तर नाव आणि पासवर्ड झाकून जातात, पण सर्व्हर उत्तरात आपला मूळ पत्ता आणि नवे पोर्ट सांगतो आणि एफटीपीचा प्रोग्रॅम बोगदा सोडून थेट तिकडे धावतो. फायरवॉलने अडवले तर नशीब, निदान काही चुकले हे कळते. अडवले नाही, तर पासवर्ड मेण्यातून आणि ऐवज उघड्या बैलगाडीतून, असा प्रवास होतो आणि पडद्यावर मात्र ‘ट्रान्सफर पूर्ण’ असे दिसते.

कॅपिटल ‘आर’चा उलटा बोगदाही असतो, ज्यात आतले यंत्र स्वतः बाहेर जोडणी करून बाहेरच्यांना आत यायची वाट देते. संस्थेच्या परवानगीशिवाय तो टाकू नये, कारण पहारेकऱ्याला न सांगता मागच्या भिंतीला पाडलेले ते खिंडार असते.

आता फक्त पोहोच तपासायची राहिली. एसएसएचचा पडताळा रस्त्यापुरता असतो. लॅपटॉपवरून वाचताना किंवा सर्व्हरच्या डिस्कवर लिहिताना काही बिघडले, तर ते त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून पाठवण्याआधीच लॅपटॉपवर सर्व पानांचे एसएचए-256 पडताळे काढून, प्रत्येकी 64 चिन्हांची ही यादी अंकाबरोबरच सर्व्हरवर पाठवावी आणि तिथे ‘एसएचए256सम’ला तीच यादी तपासायला द्यावी. प्रत्येक पानापुढे ‘ओके’ किंवा ‘फेल्ड’ असा शेरा येतो. एखादेच पान ‘फेल्ड’ आले, तर तेवढेच पुन्हा पाठवावे. अशा वेळी आरसिंकला आकार आणि वेळेवर विसंबून न राहता प्रत्यक्ष मजकुराचे पडताळे ताडायला सांगणारा कॅपिटल नसलेला ‘सी’ द्यावा लागतो, नाहीतर ते पान त्याला आधीच पोहोचलेले दिसेल. सर्व 200 ओळींपुढे ‘ओके’ आले आणि संस्थेच्या बॅकअपमध्ये दुसरी प्रत गेल्याचे कळले, की लॅपटॉपवरची 20 जीबी जागा पुढच्या अंकासाठी मोकळी करता येते.